बिनफोडणीचे दिवस

त्या वर्षी पाऊस संपता संपता आमच्या घरातली फोडणी बंद झाली. पथ्य नव्हतं, उपास नव्हता, सुतकही नव्हतं. मोहरी तडतडली की बाबा ताटावरून उठायचे, एवढंच कारण होतं. पहिल्यांदा उठले तेव्हा आईला वाटलं, ठसका लागला असेल. दुसऱ्यांदा तिने गॅस बंद केला आणि पळी हातात धरून नुसती उभी राहिली. संध्याकाळी मी पाहिलं तर मिसळणाच्या डब्यातली मोहरीची वाटी गायब होती आणि तिच्या जागी ओवा भरलेला होता. त्यानंतर आमच्याकडे वरणात नुसतं तूप-मीठ-हिंग पडायचं, भाज्या उकडून त्यावर ओलं खोबरं भुरभुरायचं, आणि कढी, जी बाबांचा जीव की प्राण, ती तर झालीच नाही. गॅस पेटवायच्या आधी आई बाहेर हाक द्यायची, "अहो, गॅलरीतले कपडे वाळलेत का बघता?" बाबा निमूटपणे गॅलरीत जायचे. कपडे वाळलेले नसले तरी तिथेच उभे राहायचे. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होते. वाढत्या अंगाची भूक आणि समोर ते सपक जेवण. मी रोज ताटावर तोंड वाकडं करायची आणि आई रोज डोळे वटारून मला गप्प करायची.

आम्ही डोंबिवलीत राहायचो, पूर्वेला, कारखान्यांच्या बाजूला. गॅलरीतून धुराडी दिसायची. वारा फिरला की कुठल्या कारखान्यात काय शिजतंय ते वासावरून कळायचं आणि बायका त्याप्रमाणे वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या. बाबा एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांचा रुमाल कधी गुलाबी होऊन यायचा, कधी पिवळा, कधी शाईसारखा निळा. आई तो बादलीत बुडवताना म्हणायची, "आज पिवळा चालू आहे वाटतं." बाकीच्या मुलांचे वडील कामावर काय करतात ते त्या मुलांना धड सांगता यायचं नाही. मला माझ्या वडिलांच्या रुमालावरून सांगता यायचं आणि मी ते सांगायचीही, कुणी विचारलं नाही तरी.

झालं होतं ते असं. एका मोठ्या भांड्याचं झाकण उघडं होतं आणि बाबा वाकून आत बघत होते. पॅनलवर कदमकाका होते, बाबांच्याच पाळीतले, आमच्याकडे जेवायला येणारे. बाबांनी मागे न बघता ओरडून सांगितलं, "चालू करू नको." मराठीत नकार शेवटी येतो. पुढे मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली आणि हा भाग फळ्यावर लिहिताना माझा हात दर वर्षी थोडा जड व्हायचा. पंपांच्या आणि पंख्यांच्या गोंगाटात शेवटचं "नको" गेलं. कदमकाकांना "चालू कर" एवढंच ऐकू आलं. भांड्यातली ढवळणी फिरली, आतली रसायनाची वाफ भडकली आणि ज्वाळ उघड्या झाकणातून बाहेर आली. बाबांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, मानेची एक बाजू भाजली आणि थोडा गाल. हॉस्पिटलातून ते घरी आले तेव्हा त्यांच्या हातावरची नवी कातडी पातळ आणि गुलाबी होती. मी पाहतेय हे बघून ते म्हणाले, "आज गुलाबी चालू आहे." मी हसले नाही. ते स्वतःही हसले नाहीत.

कदमकाका दर रविवारी यायचे. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे. आई चहा द्यायची. तो चहा ती आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवायची. बाबा म्हणायचे, "कदम, तुझी चूक नाही रे." कदमकाका म्हणायचे, "शेवटचा शब्द ऐकायला पाहिजे होता मी." मग दोघं पंख्याकडे बघत बसायचे. आणखी थोड्या वेळाने कदमकाका "येतो वहिनी" म्हणून निघायचे. मला ते रविवार अजिबात सहन व्हायचे नाहीत.

डॉक्टरांनी हात कामाचा आहे असं लिहून दिलं. कारखान्याचे मॅनेजर स्वतः घरी आले, चांगुलपणानेच बोलले. म्हणाले, येत्या एक तारखेपासून प्लँटवर या. ते जमणार नसेल तर गेटवर बसा, आल्या-गेल्याचे पास फाडायचे, बसून काम आहे. आईला गेटचं काम फार पटलं. त्यात वाईट काय आहे, असं ती मला भाजी निवडताना दोनदा म्हणाली, म्हणजे बाबांना ऐकू जाईल अशा बेताने. बाबा वर्तमानपत्राचं पान उलटत राहिले. पण त्यांना ते का नको होतं ते मला माहीत होतं. त्या प्लँटमधली निम्मी यंत्रं पहिल्यांदा सुरू करताना तिथे बाबा उभे होते. गेटवर एकदा बसले की ते तिथून उठणार नाहीत आणि मग रुमाल कायम पांढराच राहील, अशी मला भीती होती. मला त्यांची दया येत होती आणि त्यांचा रागही येत होता. दोन्ही एकदम येत होतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

त्याच सुमारास अमेरिकेतला मामा दिवाळीसाठी आला आणि माझ्यासाठी एक खोकं घेऊन आला. खोक्यावर चित्र होतं. तांबड्या वाळवंटात एक रुपेरी यान उभं आहे, मागे वळलेले पंख, दोन्ही बाजूंना दोन छोटी यानं चिकटलेली, टोकाला सुईसारखी लांब नळी, आणि खाली शिरस्त्राण घातलेली माणसं हात वर करून उभी आहेत. वर इंग्रजीत लिहिलं होतं की हे येणाऱ्या शतकातलं वाहन आहे. ते शतक आता येऊन बरीच वर्षं झाली. मी नौपाड्यात राहते आणि स्टेशनला जायला अजून रिक्षावाला मान हलवून नाही म्हणतो. असो. खोक्यात कागदी नळ्या, पातळ हलक्या लाकडाच्या पट्ट्या, नारिंगी पातळ प्लास्टिकचं पॅराशूट, बटणाची एक डबी आणि लांबलचक वायर होती. आणि वेगळ्या पाकिटात बोटाएवढ्या जाड कागदी मोटारी, म्हणजे यान वर ढकलणाऱ्या नळ्या. त्या मामाने विमानातून कशा आणल्या ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

"यात काय असतं रे?" आईने विचारलं.

"दारू," मामा म्हणाला.

"अगं बाई, पोरीला दारू आणलीस?"

"बंदुकीची गं, ताई. दाबून भरलेली. बटण दाबलं की पेटते आणि हे जातं सरळ वर."

आई हसत होती ती थांबली. बाबा उठून गॅलरीत गेले होते. मामाला बिचाऱ्याला हाताला भाजलं एवढंच कळवलेलं होतं. आईने ते पाकीट उचललं, स्टीलच्या डब्यात घातलं आणि डबा माळ्यावर, मोठ्या पातेल्यांच्या मागे सरकवून दिला. मला म्हणाली, "सांगाडा बांध हवा तर. ती भानगड घरात नको."

मग मी सांगाडा बांधायला बसले. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरलं, गोंदाची नळी, ब्लेड, पॉलिश कागद मांडला. समोर खुर्चीत बाबा दुसरं वर्तमानपत्र तोंडासमोर धरून. पंख कापणं जमलं, पण चिकटवताना तो थोडा कलला. मला दिसत होतं, पण कोण पुन्हा सोडवत बसेल म्हणून मी दुर्लक्ष केलं.

"वाकडा लागलाय," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"चालेल, बाबा. थोडासाच आहे."

"थोडासा वाकडा म्हणजे वाकडाच. गोंद ओला आहे तोवर सोडव."

ते खाली येऊन बसले. डाव्या हाताने पंख सोडवला, पुसला, पुन्हा लावला आणि डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटून बघितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पॉलिश कागद उजव्या हातात घेतला. बोटं ताठ होती, पुरती मिटत नव्हती. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता आणि त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. पण लाकूड घासायला मात्र त्यांनी तीच बोटं वाकवली. दुखत असणार, कारण मधून मधून ते श्वास रोखायचे. त्या दिवाळीत आमच्या घरात कंदील लागला, फराळ मावशीकडून आला आणि दिवसभर पॉलिश कागदाची खरखर चालू राहिली. बाहेर पोरं बॉम्ब लावायची. मोठा आवाज झाला की बाबांचा हात लाकडावर दाबलेला तसाच थांबायचा आणि आवाज विरेपर्यंत हलायचा नाही. तेवढ्यात मी खोक्यातलं माहितीपत्रक आणखी मोठ्याने वाचायची. इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, असं माझं काम होतं. माझ्या त्या भाषांतरांना आज मीच नापास केलं असतं.

पत्रकाच्या शेवटी सूचना होत्या. उडवणाऱ्या डबीला एक किल्ली असते, असं तिथे लिहिलं होतं. ती घातल्याशिवाय बटण दाबलं तरी काही होत नाही. यानाजवळ जाताना ती किल्ली काढून स्वतःजवळ ठेवायची, दुसऱ्या कुणाकडेही द्यायची नाही.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी वाचलं.

"म्हणजे मी तिथे वाकलेला असेन तेव्हा इथून कुणी काही चालू करू शकणार नाही."

"हो. किल्ली तुमच्याकडे असेल ना."

त्यांनी डबी उघडून किल्ली बाहेर काढली. किल्ली कसली, वाकवलेली तारच होती, केसांच्या पिनेएवढी. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून खिसा चाचपून बघितला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "मोटारी कुठे ठेवल्यास गं?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "कशाला हव्यात?"

"लागतील."

"अहो, कुणाला काय दाखवायचंय?"

"कुणाला नाही. एक तारखेच्या आत मला बघायचंय, पेटणाऱ्या वस्तूचं बटण दाबता येतं का."

"आणि नाही आलं तर?"

"तर गेटवर बसेन," बाबा म्हणाले. "मग पुन्हा हा विषय नको."

आईने माझ्याकडे बघितलं, जसं काही हे सगळं मीच घडवून आणलं. मग स्टूल ओढून माळ्यावरून डबा काढला आणि तो जरा जोरातच जमिनीवर ठेवला.

जागा अण्णाकाकांनी शोधली. ते बाबांचे मोठे भाऊ. कल्याणला त्यांचं धान्याचं दुकान होतं. मोहन्याच्या पुढे त्यांच्या एका गिऱ्हाइकाची शेतं होती, भात कापून मोकळी झालेली. काकांचा आवाज खणखणीत, त्यामुळे उलटे आकडे म्हणायचं काम ओघानेच त्यांच्याकडे गेलं. इथे एक सांगायला हवं. धान्य मोजताना जुने दुकानदार पहिल्या मापाला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं मोजतात. लहानपणी त्यांच्या दुकानात पोत्यावर बसून मी तेच ऐकत मोठी झाले. काका जिना चढताना पायऱ्या मोजत तेव्हाही लाभपासून सुरू करत आणि काकूंना औषधाच्या गोळ्या देतानाही, "ही लाभ, ही दोन." त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. त्यामुळे ती सकाळ उजाडेपर्यंत आमच्यापैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही.

आम्ही काकांच्या टेम्पोतून गेलो. मागे यान माझ्या मांडीवर, रुपेरी रंग दिलेलं, पंख एका रेषेत. बाबांनी दुकानातली रिकामी गोणपाटं आणि पाण्याच्या बादल्या बरोबर घ्यायला लावल्या होत्या. शेतात पोचल्यावर त्यांनी आधी गोणपाटं भिजवून कापलेल्या भाताच्या खुंटांवर अंथरली, मधोमध उडवायची काठी रोवली, ती ओळंब्याने सरळ आहे का बघितलं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. लांब नदीपलीकडे कारखान्याचं बंद धुराडं आणि बांधावर दोन बाभळी. आई टेम्पोतून उतरली नाही. दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन पुढे बसून राहिली, काचेतून दुसऱ्याच बाजूला बघत.

बाबांनी आम्हाला कामं वाटून दिली, आणि मला एकदम जाणवलं की ही त्यांची कामावरची भाषा आहे. मी आकाश आणि बांध बघायचा, कुणी माणूस किंवा जनावर आलं तर हात वर करायचा. अण्णाकाकांनी पाचापासून मोजायचं. "एक" म्हटलं की बाबा बटण दाबणार. "एक म्हटल्यावर," त्यांनी काकांना पुन्हा बजावलं. काका म्हणाले, "अरे हो, समजलं, मी काय लहान आहे?" वायरच्या दुसऱ्या टोकाला आम्ही उभे राहिलो. बाबांनी खिशातून किल्ली काढून डबीत घातली आणि छोटा दिवा लागला. त्यांच्या मानेवरची गुलाबी कातडी घामाने चमकत होती. अंगठा बटणावर नव्हता, जरा वर होता.

"पाच," काका म्हणाले. "चार. तीन. दोन. लाभ."

काहीच झालं नाही. अंगठा होता तिथेच राहिला. यान काठीवर उभं, वारा पडलेला, सगळं गप्प. मी बाबांच्या हाताकडे बघत होते. झालं, मला वाटलं. संपलं. आता गेट.

"दाब की रे, बाळ्या," काका म्हणाले.

बाबांनी किल्ली उपसली आणि खिशात टाकली. टेम्पोचं दार वाजलं. आई उतरून आमच्याकडे येत होती. "पुरे झालं. चला घरी," ती म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता, उलट इतका मऊ होता की मला रडू आलं. मला लाज वाटली बाबांची. वाटली ती वाटली.

"अण्णा," बाबा म्हणाले, "काय म्हणालास तू शेवटी?"

"काय म्हणालो? पाच, चार, तीन, दोन, लाभ."

"ठरलं काय होतं?"

काकांना क्षणभर कळलंच नाही. मग ते म्हणाले, "अरे, एकच की ते. लाभ म्हणजे एक. जन्मापासून ऐकतोयस."

"दुकानात. इथे ठरलेला शब्द एक होता. ठरलेला शब्द आल्याशिवाय मी दाबणार नाही."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. ते खरंच त्या शब्दाची वाट बघत होते, की घाबरून थिजले होते आणि शब्द आयता सापडला, हे मला त्या दिवशी कळलं नाही. खूप वर्षांनी, ते निवृत्त झाल्यावर, मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, "थोडं थोडं दोन्ही."

"बरं, एक म्हणतो," काका म्हणाले. त्यांनी घसा साफ केला, सराव म्हणून हळूच पुटपुटले, "तीन, दोन, ला... च्यायला." पुन्हा म्हटलं. पुन्हा जीभ तिकडेच वळली. तिसऱ्या वेळी त्यांनी "दोन" म्हणून तोंड घट्ट मिटून घेतलं आणि डोळे मोठे करून उभे राहिले, आणि आई, जी आम्हाला घरी न्यायला आली होती, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग काका हसले, मी हसले. बाबाही हसले. त्यांच्या भाजलेल्या गालावर सुरकुती पडली, ती मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "लाभच ठरवू. बरा आहे शब्द. चुकून कुणी म्हणणार नाही."

पुन्हा किल्ली, पुन्हा दिवा. आई आता माझ्या मागे उभी होती. पाच, चार, तीन, दोन, लाभ. बाबांनी अंगठा दाबला. मी तो खाली गेलेला डोळ्यांनी पाहिला. यान जागचं हललं नाही.

हसणं कुठल्या कुठे गेलं. काका म्हणाले, "वायर सुटली वाटतं, बघतो," आणि दोन पावलं पुढे गेले.

"थांब!"

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. प्लँटमधल्या गोंगाटात तो असा लागत असणार. काका जागच्या जागी थांबले. बाबांनी किल्ली काढली, काकांना दाखवली, मग आईला, मग खिशात टाकली. "लगेच जायचं नाही. पत्रकात आहे," ते म्हणाले. मग आम्ही सगळे उभे राहून त्या गप्प वस्तूकडे बघत राहिलो. प्लँटवर वाकताना बाबांना आग भडकलेली दिसली नव्हती. त्यांनी एका गप्प भांड्यात वाकून बघितलं होतं. हे मला तिथे उभं असताना कळलं. त्यांना जाऊ देऊ नये, असं मला मनापासून वाटलं. गेटवर बसू दे त्यांना, रुमाल पांढरा राहू दे.

"मी जातो," बाबा म्हणाले आणि चालायला लागले.

आईने माझा खांदा धरला. तिची बोटं रुतत होती. ती थांबा म्हणाली नाही. बाबा खुंटं तुडवत चालत गेले, अर्ध्या वाटेत थांबले, खिसा चाचपला, पुन्हा निघाले. गोणपाटाशी पोचल्यावर ते गुडघ्यावर बसले आणि यानाच्या बुडाशी वाकले. चेहरा अगदी जवळ. भाजलेला उजवा हात पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. वायरच्या टोकाचा चिमटा ओल्या गोणपाटावर घसरून पडला होता, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की त्यांनी खिशातून पॉलिश कागदाचा तुकडा काढला आणि ते काहीतरी घासत बसले, घरी लाकूड घासायचे तसे सावकाश. मला वाटलं ते तिथून कधी उठणारच नाहीत. उठले तेव्हा मागे न बघता, न धावता, नेहमीच्या चालीने परत आले. त्यांच्या पायजम्याचे गुडघे भिजले होते. आईने खांदा सोडला तेव्हा मला दुखायला लागलं.

"मोज, अण्णा."

काकांचा खणखणीत आवाज पार बसला होता. पाच, चार, तीन, दोन. "लाभ," ते जवळजवळ कुजबुजले.

दिवाळीच्या बाणासारखी शिट्टी वाजली नाही. कापड टरकन फाटावं तसा एक आवाज झाला आणि मी बघेपर्यंत काठी रिकामी होती. मान वर केली तर पांढरी रेघ आणि तिच्या टोकाला एक रुपेरी ठिपका, जो बघता बघता दिसेनासाच झाला. मग खूप वर बारीकसा फट आवाज आला आणि नारिंगी पॅराशूट उघडलं. मी ओरडत धावत सुटले. ते बांधापलीकडे बाभळीच्या जरा अलीकडे उतरलं. एक पंख मोडला होता आणि सुईसारखं टोक वाकलं होतं. ते छातीशी धरून परत आले तर बाबा अजून बटण दाबून उभे होते.

"सोड आता, बाळ्या," काका म्हणाले आणि त्यांनी हलकेच त्यांच्या हातातून डबी काढून घेतली.

बाबा गोणपाटाशी गेले. तिथे भाकरीएवढा काळा डाग पडला होता आणि त्यातून वाफ येत होती. त्यांनी त्यावर उजवा तळवा ठेवला. "कोमट आहे," ते म्हणाले. मग आम्ही बांधावर बसून दशम्या खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीशी. सगळं ठीक झालं असं मात्र नव्हे. परतताना विठ्ठलवाडीजवळ कुणाच्यातरी लग्नाच्या मिरवणुकीत फटाक्यांची माळ लागली, तेव्हा बाबांनी टेम्पोची कड घट्ट धरली ती घर येईपर्यंत सोडली नाही.

एक तारखेला ते डबा घेऊन प्लँटवर गेले. आई आणि मी तो दिवस कसा काढला ते विचारू नका. शाळेतून घरी आल्यावर मीही गॅलरीत आईशेजारी जाऊन उभी राहिले. एका धुराड्यातून नेहमीपेक्षा काळा धूर आला की आई म्हणायची, "ते आपलं नव्हे," आणि मी म्हणायची, "नाही, ते पलीकडचं." संध्याकाळी बाबा जिना चढून आले, चपला काढल्या आणि खिशातून रुमाल काढून दाराच्या खुंटीवर टाकला. पिवळा होता. आई त्याच्याकडे बघत राहिली आणि आत गेली.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि सांगायला लागले. पॅनलवर कदमच होता. त्याचा हात बटणाकडे जाईना. तेव्हा बाबांनी त्याला सांगितलं, आजपासून 'चालू कर' आणि 'चालू करू नको', दोन्ही बंद. मी लाभ म्हणेन तेव्हाच चालू करायचं, दुसऱ्या कुठल्याही शब्दाला हात लावायचा नाही. कदमला वाटलं, भाजल्याचा डोक्यावर परिणाम झाला. मग बाबांनी भांड्याचं झाकण लावलं, बाजूला झाले आणि ओरडले, लाभ. कदम ओरडला, काय? बाबा पुन्हा ओरडले, लाभ. "दुसऱ्यांदा ऐकू आलं त्याला," बाबा म्हणाले. "मग रडत होता गाढव. मी म्हटलं, पुस डोळे आणि प्रेशर बघ."

आई ऐकत होती. तिने पातेल्यावरचं झाकण उगीचच उचललं आणि परत ठेवलं.

"ताक आहे का घरात?" बाबांनी विचारलं.

"आहे."

"कढी कर मग."

 आईने फळीवर मागे ठेवलेली मोहरीची वाटी काढली. यावेळी गॅलरीतले कपडे बघायला तिने कुणाला पाठवलं नाही. गॅस पेटवला. बाबांची मान किंचित आखडली, पण ते तिथेच होते. तिने ताकाला बेसन लावलं, हिरवी मिरची मोडून ठेवली, कढईत तेल घातलं. तेल तापलं. चिमटीत मोहरी धरून ती कढईवर हात नेऊन थांबली आणि वळून बाबांकडे बघायला लागली. मीही बघत होते. उजव्या हाताने त्यांनी दाराची चौकट धरली होती आणि बोटं, ती ताठ बोटं, लाकडावर पुरती मिटलेली होती.

"लाभ," बाबा म्हणाले.

आईने मोहरी सोडली. ती तडतडली, नेहमीसारखीच, सगळीकडे उडाली, एक दाणा माझ्या पायाशी येऊन पडला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. पण चौकट धरून ते उभे होते, ते कढी उकळेपर्यंत तिथेच उभे राहिले.